डावीकडची काच

परवा रात्री साडेनऊला भाचेबुवांचा फोन. आमच्या घरात साडेनऊनंतर फोन वाजला की आधी सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, मग तो उचलला जातो. "मामा, गाडीची काच फुटली. डावीकडची, पुढची." सोसायटीतल्या पोरांनी लेदरच्या बॉलने षटकार मारला होता आणि तो सीमारेषेऐवजी पार्किंगमध्ये जाऊन पडला होता. कोणाला लागलं नाही, हे ऐकल्यावर मी श्वास सोडला. पाठोपाठ फोनवर चार फोटो आले आणि मग खरा प्रश्न आला.

"मामा, एक काच कंपनीची आहे, आणि एक गॅरेजवाला म्हणतोय साधी पण मिळते. साध्यात दोन हजार वाचतात. थोडी इकडेतिकडे बसते म्हणाला, पण चालतंय ना?"

मी म्हटलं, "उद्या सांगतो."

खरं तर तेव्हाच सांगता आलं असतं. पण या एका 'चालतंय ना'वर माझ्याकडे सांगण्यासारखं इतकं आहे की ते फोनवर मावलं नसतं. तेव्हा भाचेबुवा, हे घ्या सविस्तर उत्तर. बाकीच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही. कधी ना कधी काच सगळ्यांचीच फुटते.

ज्यांना आठवत असेल त्यांना आठवत असेल, 2019 साली आमच्याकडे अल्टो होती. 2009 ची, पांढरी, हाताने हँडल फिरवून काच वर करायची. त्या वर्षीच्या मे महिन्यात सोसायटीच्या बागेत गवत कापायचं यंत्र चालू होतं. त्याच्या पात्याखालून एक खडा उडाला, सुपारीएवढासुद्धा नसेल, आणि फट्‌ असा आवाज झाला. मी गॅलरीतून पाहिलं तर डावीकडच्या पुढच्या दाराला काचच नव्हती. सीटवर, पायाशी, बाहेर फरशीवर सगळीकडे खडीसाखरेसारखे दाणे. मला आधी वाटलं, एवढ्याशा खड्याने एवढं कसं होईल?

तर ते तसंच व्हायचं असतं. पुढची मोठी काच ही दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर चिकटवून केलेली असते. तिला दगड लागला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, पण ती जागेवर राहते. दाराची काच बहुतेक गाड्यांमध्ये टफन्ड असते. ती सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि मग तिच्यावर गार हवेचे जोरदार झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून थंड होऊन आक्रसतो आणि बाहेरच्याला कायमचा दाबून धरतो. या दाबामुळेच ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. पण एकदा का कुठे तो दाब भेदला गेला, की सगळी काच एका क्षणात दाणे दाणे होऊन जाते. मोठे धारदार तुकडे होऊन माणसाच्या मानेत घुसू नयेत, म्हणून ही सगळी योजना.

या गुणामुळे एक गोष्ट होते, आणि माझी गोष्ट तिथूनच सुरू होते. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, घासून लहान करता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. आकार, गोलाई, भोकं, सगळं भट्टीत जाण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणजे शर्ट मोठा झाला तर शिंप्याकडे जाऊन बारीक करून घेता येतो, तसं इथे नाही. काच एकतर त्या दाराची असते, नाहीतर नसते.

मी ज्या दुकानात गेलो तिथे दोन काचा होत्या. एकीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छाप होता, कंपनीचं नाव, प्रमाणाचा शिक्का वगैरे. दुसरी कोरी. फरक नऊशे रुपयांचा. मी म्हटलं, दहा वर्षांची गाडी, हिला काय सोन्याची काच लावायची? कोरी लावा. (हे वाक्य मी तेव्हा फार हुशारीने बोललो होतो. आता लिहिताना तसं वाटत नाहीये.)

दुकानातल्या पोराने पाऊण तासात काम उरकलं. काच वरच्या मागच्या कोपऱ्यात थोडी आखडत होती. तिची गोलाई दाराच्या गोलाईपेक्षा किंचित वेगळी होती. काच तर कापता येत नाही. मग त्याने काय केलं असेल? त्याने रबर कापलं. काच ज्या रबरी खाचेतून वरखाली होते, त्या खाचेची आतली कड त्याने ब्लेडने दोन बोटं छाटून टाकली. मग काच गेली वर. मी हँडल फिरवून पाहिलं, वर झाली, खाली झाली. कोपऱ्यात एक बारीक फट दिसत होती.

"चालतंय ना साहेब?"

"चालतंय की," मी म्हणालो आणि पैसे दिले.

उभ्या गाडीत सगळंच बसलेलं वाटतं, हे मला नंतर कळलं. गाडी पळायला लागली की काचेच्या बाहेरून जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि आतला दाब काचेला बाहेर ढकलायला लागतो. नीट बसलेली काच रबराच्या खाचेत घट्ट धरलेली असते, तिला फरक पडत नाही. माझी काच मात्र ताशी सत्तरच्या पुढे गेलं की कोपऱ्यात जरा बाहेर झुकायची, फट रुंद व्हायची, आणि शिट्टी सुरू. मला ती ऐकू यायची, नाही असं नाही. मी रेडिओ मोठा करायचो.

त्या वर्षी माताराकडे, म्हणजे साताऱ्याच्या मावशीकडे (आमच्याकडे लहानपणापासून तिचं नाव असंच बिघडलेलं आहे), आमचं जाणंयेणं फार होतं. जूनमध्ये तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि आईला दर एका शनिवाराआड बहिणीकडे जायचंच असायचं. पुणे ते सातारा साधारण एकशेदहा किलोमीटर. जाताना कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, शिरवळ, मग खंबाटकीचा घाट. मी गाडी चालवायचो, आई डावीकडे बसायची. पुढे बसलं की तिला गाडी लागत नाही, म्हणून ती जागा तिचीच. पाऊस मी म्हणत होता, 2019 चा तो पाऊस आमच्या भागात कोणी विसरणार नाही. आई कानाला स्कार्फ बांधून बसायची. मला वाटायचं, वय झालं, थंडी वाजते. खांद्यावर टॉवेल टाकायची. मला वाटायचं, सवय. एकदा मी विचारलंही होतं, "आई, वारा लागतोय का गं?" ती म्हणाली, "नाही रे, ठीक आहे." मी परत रस्त्याकडे बघायला लागलो. विचारलं, उत्तर मिळालं, कर्तव्य संपलं.

असे अडीच-तीन महिने गेले.

मग एका शनिवारी भाचेबुवांना गाडी चालवायची हुक्की आली. नुकतंच लायसन्स मिळालेलं, हात शिवशिवत होते. त्याच्या शेजारी लक्ष ठेवायला कोणीतरी हवं म्हणून आईला मागे बसवलं, आलेपाकाच्या वड्या हातात दिल्या, आणि मी पहिल्यांदा त्या डावीकडच्या जागेवर बसलो.

शिरवळपर्यंत माझ्या उजव्या कानाला भाच्याच्या गप्पा आणि डाव्या कानात ती शिट्टी. शिट्टी म्हणजे सुरेल काही नव्हे. एक सारखी, बारीक, डोक्यात सुई फिरवल्यासारखी. चालकाच्या जागेवरून ती गाडीची एक खोड वाटायची. तिथे बसल्यावर ती माझ्या कानाशी बोलत होती. मग घाटात पाऊस लागला. त्या फटीतून फवारा यायला लागला, थेंब नाही, तुषार. दहा मिनिटांत माझी डावी बाही खांद्यापासून कोपरापर्यंत गार ओली. मी काच अजून वर होते का बघायला हँडल दाबून फिरवलं. ती वरच होती.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "अरे, सीट एक घर मागे घे आणि जरा उजवीकडे कलून बस. तिथं नाही येत पाणी. आणि दाराच्या कप्प्यात बघ."

दाराच्या कप्प्यात घडी घातलेला छोटा टॉवेल होता, आणि एका जुन्या औषधाच्या डबीत कापूस. कानात घालायला.

मी मागे वळून म्हणालो, "आई, अगं, सांगायचं नाहीस का?"

ती म्हणाली, "तूच म्हणालास ना, चालतंय म्हणून."

ती रागाने म्हणाली नाही, टोमणा तर नाहीच नाही. मी काच बसवून आणली त्या दिवशी जेवताना म्हणालो होतो, नऊशे रुपये वाचवले, थोडी फट आहे पण चालतंय. तिने ते ऐकलं आणि ते धरून चालली. मुलगा म्हणतोय म्हणजे असेल. एक घर मागे, जरा उजवीकडे कलून, टॉवेल, कापूस. प्रत्येक खेपेला दोन-अडीच तास जाताना आणि तितकेच येताना.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी त्या घाटात ओल्या बाहीने शिकलो. 'चालतंय' हे नेहमी दुसऱ्या जागेवर बसलेला माणूस म्हणतो. ज्याच्या अंगावर पाणी येतं तो सहसा म्हणत नाही. तो टॉवेल शोधतो. काच हटत नाही म्हणून रबर कापलं जातं, आणि घरातही जे माणूस मऊ असतं त्याच्याच कडा आपण छाटतो, कारण ते बोलत नाही. म्हणून काही निमूट चाललंय यावरून ते बरोबर चाललंय असं समजू नये. एकदा त्या जागेवर जाऊन बसून यावं.

असो. फार झालं तत्त्वज्ञान.

पुढच्याच आठवड्यात एका जुन्या काचवाल्याकडे गेलो. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पण माणूस कामाचा. त्याने आधी ती कापलेली कड बघितली आणि तोंडाने नुसतं 'च्च' केलं. मग एक फडकं घेतलं, हँडल आणि पॅड यांच्या फटीत घालून बूट पुसतात तसं दोन्ही बाजूंनी ओढलं, की टिक् करून हँडलची क्लिप बाहेर. पॅड काढला, त्याच्या मागचा प्लॅस्टिकचा कागद हलक्या हाताने सोडवला, आणि दाराच्या पोटात हात घातला तर मे महिन्यातल्या फुटलेल्या काचेचे दाणे अजून तिथेच! आधीच्या पोराने ते काढलेच नव्हते. मी समजत होतो की गाडी जुनी झाली म्हणून दार खुळखुळतंय.

त्याने एक नवी गोष्ट सांगितली. दारात थोडं पाणी जाणारच, तो काही दोष नाही. काचेवरून ओघळलेलं पाणी खालच्या पट्टीतून आत जातं आणि दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात त्यातून बाहेर पडतं. आमच्या दाराची ती भोकं काचेच्या दाण्यांनी आणि मातीने बुजली होती, आत पाणी साचून तळाला गंज धरायला सुरुवात झाली होती. म्हणजे नऊशे रुपयांच्या बचतीत दारही जमा होणार होतं.

मग त्याने आमच्याच मॉडेलची, छाप असलेली काच आणली. रबराची खाच पूर्ण नवी घातली. काच वरखाली करणारं जे यंत्र असतं, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं 'मशीन' म्हणतात, ते सरळ आहे ना ते पाहिलं. काच मशीनवर बसवली, पण बोल्ट अर्धेच आवळले. मी विचारलं, पूर्ण का नाही? तर म्हणाला, आधी वर जाऊन रबरात बसू द्या, तिची जागा तिला मिळाली की मग आवळायचं. आधीच आवळलं तर ती वाकडीच जाणार. काच वर घेतली, हाताने थोपटली, मग बोल्ट आवळले. काच बंद करताना मध्ये कागदाची पट्टी धरली आणि ती ओढून पाहिली, कडेकडेने, सात-आठ ठिकाणी. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. शेवटी पॅड लावायच्या आधी नळीने पाणी मारलं. आणि मग मला म्हणाला, जावा, हायवेवर एक चक्कर मारून या, पैसे नंतर द्या.

चक्कर मारताना मी बायकोला गाडी चालवायला दिली आणि स्वतः डावीकडे बसलो. शिट्टी नव्हती.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मंडळी म्हणतील, हा सगळ्यांना शोरूममध्ये पाठवतोय. तसं अजिबात नाही. अधिकृत सेवाकेंद्रातच जा असं माझं म्हणणं नाही. चांगल्या काच कंपनीची, आपल्याच मॉडेलची, कोपऱ्यात छाप असलेली काच बाहेर बसवून घेतली तरी उत्तम. अगदी भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीची मूळ काच मिळाली तरी चालेल (हे खरं चालणं). ओरखडे नसले तर काच काही जुनी होत नाही. हट्ट हवा तो महागडेपणाचा नको, बरोबर बसण्याचा हवा. गडद काच मिळतेय म्हणून भुलू नका. 1989 च्या मोटार वाहन नियमांतल्या 100 व्या नियमाप्रमाणे बाजूच्या काचेतून निदान 50 टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

विम्याचंही एक गंमतशीर आहे. भरपाई काढताना काचेच्या भागांवर घसारा शून्य धरतात, म्हणजे काचेचे पैसे कापत नाहीत. पण नेहमीच्या पॉलिसीत रबर आणि प्लॅस्टिकवर 50 टक्के घसारा! ज्या रबरावर सगळं बसणं अवलंबून, त्याचीच किंमत निम्मी. शिवाय एका काचेसाठी क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असतो आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 पर्यंत चढतो. म्हणून पुष्कळजण हा खर्च खिशातून करतात आणि एकदा खिशात हात गेला की 'साधी चालेल' सुरू होतं. क्लेम करायचा की नाही हा हिशेब जरूर करा. पण तो करून झाल्यावर बचत काचेच्या बसण्यातून काढू नका.

तर भाचेबुवा, तुमच्यासाठी यादी. नवी काच बसेपर्यंत दाराला जाड प्लॅस्टिक लावा, चिकटपट्टी रंगावर फार दिवस ठेवू नका. काचेचं बटण दाबून बघू नका, मशीन दाणे चावेल. सीटच्या खाचेतले दाणे व्हॅक्यूमने काढा, हाताने नको. ते बोथट म्हणतात पण बोट कापतं. गॅरेजवाल्याला चार गोष्टी सांगा: दाराच्या पोटातले दाणे काढ, खालची भोकं मोकळी कर, रबर फाटलं असेल तर नवं घाल, आणि काहीही झालं तरी रबर कापू नकोस. त्याने 'थोडी इकडेतिकडे बसते' म्हटलं की तिथून उठा. आणि पैसे द्यायच्या आधी गाडी सत्तर-ऐंशीने पळवून या. चालवायला दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि स्वतः डावीकडे बसा.

गंमत अशी की त्या शनिवारी खंबाटकीत गाडी तूच चालवत होतास. मी काल तुला विचारलं, आठवतंय का? तू म्हणालास, "हो मामा, मस्त घाट होता, पाऊस पण काय होता." शिट्टी? "शिट्टी आठवत नाही." तुझा दोष नाही. तू उजवीकडे होतास.

आता तुझ्या डावीकडे सूनबाई बसते, आणि तीही फार बोलणारी नाही. एवढं लक्षात ठेव.

ता. क. हे सगळं आईला वाचून दाखवलं. मावशीचा भाग ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "टॉवेलाचं एवढं काय लिहायचं, तो तसाही जुनाच होता."